फ्रान्सचा राजा संत लुई आणि त्याची उलटी तलवार

गेल्या वर्षीं इतिहासाच्या तासास एका विद्यार्थ्यानें एक चित्र आणून आमच्या मेजावर ठेविलें. चित्र एका अश्वारूढ राजाच्या पुतळ्याचें होतें. अंगांत चिलखत, मस्तकीं मुकुट, घोड्याच्या पाठीवर ऐसपैस झूल. असा एकंदर थाट कोणत्याही लढवय्या राजास शोभेल असाच होता. परंतु त्यानें उंचावलेल्या हातांतील तलवार मुठीशीं न धरितां पात्याशीं धरिली होती, व तिची मूठ वर आकाशाकडे केली होती. राजानें तलवार अशी उलटी कां धरिली, असा त्या मुलाचा प्रश्न होता. वर्गांत थोडा हंशा पिकला. पण प्रश्न हंशावारी नेण्यासारखा नव्हता.

उलटी धरिलेली तलवार नीट निरखून पाहिली असतां ती तलवार राहत नाहीं. मूठ आणि आडवी पट्टी मिळून तिचा क्रूस होतो. एवढें उत्तर आम्हीं दिलें. तोंच मागच्या बांकावरील दुसऱ्या एका मुलानें सांगितलें कीं, हा पुतळा काढून टाकावा म्हणून २०२० सालीं मोठी चळवळ झाली होती, असें त्याच्या वाचनांत आलें आहे. ज्याला संत म्हणतात त्याचा पुतळा लोकांस नकोसा कां व्हावा, असें त्यानें विचारिलें. इतक्यांत घंटा झाली, आणि त्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अपुरें राहिलें. तें पुरें करावें, आणि त्या निमित्तानें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एका थोर पुरुषाचें चरित्र सादर करावें, या हेतूनें आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम पुतळ्याची हकीकत सांगतों. अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत मिसिसिपी नदीच्या कांठीं सेंट लुईस नांवाचें मोठें शहर आहे. १७६४ सालीं पिएर लाक्लेद या फ्रेंच व्यापाऱ्यानें तेथें वखार घातली. त्या वेळीं फ्रान्सच्या गादीवर पंधरावा लुई होता. त्याचा पालक-संत जो त्याचाच पूर्वज नववा लुई, त्याचें नांव त्या वसाहतीस देण्यांत आलें. पुढें १८०३ सालीं लुइझियाना हा अफाट मुलूख अमेरिकेनें फ्रान्सकडून विकत घेतला, आणि त्या खरेदीच्या शताब्दीनिमित्त १९०४ सालीं या शहरीं जागतिक प्रदर्शन भरलें. प्रदर्शनाच्या प्रवेशद्वारीं चार्ल्स हेन्री नीहाउस या शिल्पकारानें घडविलेला हा पुतळा प्रथम उभा राहिला. तो त्या वेळीं प्लास्टरचा होता. प्रदर्शन आटोपल्यावर तो ब्राँझ धातूंत ओतून घेण्यांत आला, व १९०६ सालीं फॉरेस्ट पार्क या उद्यानांतील टेकडीवर, कलासंग्रहालयाच्या समोर, त्याची स्थापना झाली. ओतकाम मूळ शिल्पकारास न देतां कमी खर्चांत एका स्थानिक कारागिराकडून करवून घेतल्यामुळें नीहाउसनें न्यायालयांत दाद मागितली. त्यास भरपाई मिळाली, व पुतळ्यावर त्याचें नांव कोरण्यांत आलें. न्यायाबद्दल विख्यात असलेल्या राजाच्या पुतळ्यापायींच कोर्टाची पायरी चढावी लागली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. पुढें १९६५ सालीं नदीकांठची प्रचंड कमान पुरी होईपर्यंत हा पुतळाच त्या शहराची ओळख होऊन बसला होता.

आतां मूळ पुरुषाकडे वळूं.

लुईचा जन्म २५ एप्रिल १२१४ रोजीं पॅरिसजवळील प्वासी या गांवीं झाला. त्याचा बाप आठवा लुई १२२६ सालीं वारला, आणि अवघ्या बाराव्या वर्षीं या मुलास रॅंस शहरीं राज्याभिषेक झाला. बाल राजा आणि परदेशांतून आलेली विधवा आई, अशी संधि पाहून मोठमोठ्या सरदारांनीं बंडाळीस आरंभ केला. परंतु त्याची आई ब्लांश ही कॅस्टिलच्या राजाची कन्या असून असामान्य धैर्याची बाई होती. तिनें कोठें फौज पाठविली, कोठें तह केला, कोठें सोयरीक जुळविली, आणि मुलगा वयांत येईपर्यंत राज्य राखिलें. एकदां बंडखोरांच्या भयानें राजास पॅरिसबाहेर अडकून पडावें लागलें, तेव्हां शहरचे लोक शस्त्रें घेऊन निघाले व त्यांनीं आपल्या बाल राजास दुतर्फा उभे राहून सुखरूप घरीं आणिलें. प्रजेचें हें ऋण लुई जन्मभर विसरला नाहीं.

आईनें त्यास राज्य राखून दिलें, त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे तिनें त्याचें मन घडविलें. मुलाच्या हातून घोर पाप घडण्यापेक्षां तो आपल्या डोळ्यांदेखत मेलेला पत्करेल, असें ती त्यास सांगत असे. आजच्या पालकांस हे बोल कठोर वाटतील, व आम्हांसही वाटतात. तथापि राजपुत्रास चुकीबद्दल जाब विचारणारें माणूस घरांतच होतें, ही गोष्ट लहान नव्हे. लुई मोठेपणीं स्वतःस प्वासीचा लुई म्हणवून घेई, असें सांगतात. रॅंस येथें मुकुट मिळाला, पण प्वासी येथें बाप्तिस्मा मिळाला, आणि दुसरा मान पहिल्याहून मोठा, अशी त्याची समजूत होती.

१२३४ सालीं प्रोव्हान्स प्रांताच्या अधिपतीची कन्या मार्गरेट हिच्याशीं त्याचा विवाह झाला. या दांपत्यास अकरा अपत्यें झालीं. पांच वर्षांनीं, म्हणजे १२३९ सालीं, लुईनें प्रभूच्या मस्तकावरील म्हणून मानला जाणारा कांट्यांचा मुकुट कॉन्स्टंटिनोपलच्या बादशहाकडून मिळविला. त्यासाठीं १,३५,००० लिव्र इतकी जबर रक्कम खर्च झाली. तो ठेवण्याकरितां पॅरिसच्या राजवाड्यांत त्यानें सेंट शापेल हें मंदिर बांधविलें व १२४८ सालीं त्याचें समर्पण झालें. उंच उंच रंगीत कांचांच्या खिडक्यांनीं भरलेलें हें मंदिर आजही पाहणाऱ्यास मुग्ध करितें. मुकुट मिरवीत आणिला तेव्हां राजा अनवाणी चालत होता. अवशेषांविषयींची ही श्रद्धा सर्वच ख्रिस्ती मंडळ्यांस मान्य होणार नाहीं. परंतु राजानें लोकांसमोर पायांतील जोडा काढावा, यांतील नम्रता कोणासही समजण्यासारखी आहे.

१२४४ च्या डिसेंबरांत लुई इतका आजारी पडला कीं, सेवकांनीं आशा सोडिली. त्यांतून बरा होतांच त्यानें धर्मयुद्धास जाण्याचें व्रत घेतलें. आईनें पुष्कळ समजाविलें, पण व्यर्थ. मात्र निघण्यापूर्वीं त्यानें जें केलें, तें आमच्या मतें त्याच्या सर्व स्वारीपेक्षां अधिक मोलाचें आहे. १२४७ सालीं त्यानें राज्यभर चौकशी करणारे पंच पाठविले. त्यांत बहुतेक फ्रान्सिस्कन व डोमिनिकन पंथांचे भिक्षु होते. राजाच्या कामदारांनीं कोणाची जमीन लुबाडिली, कोणाकडून जुलमानें पैसा उकळिला, कोणास विनाकारण कैदेंत घातलें, याची तक्रार कोणीही गरीब मनुष्यानें यांजपुढें येऊन सांगावी, आणि ती खरी ठरल्यास राजानें भरपाई द्यावी, अशी ही योजना होती. शत्रूचे अपराध शोधणारे राजे इतिहासांत पैशाला पासरी सांपडतात. स्वतःच्या नांवानें झालेले अपराध शोधण्यास माणसें धाडणारा राजा विरळा.

२५ ऑगस्ट १२४८ रोजीं एग-मोर्त बंदरांत तो जहाजावर चढला. १२४९ च्या जून महिन्यांत ईजिप्तमधील दमिएटा शहर त्याच्या हातीं आलें. परंतु पुढें सर्व उलटें घडत गेलें. फेब्रुवारी १२५० मध्यें मनसूरा येथें त्याचा भाऊ रॉबर्ट उतावळेपणानें शहरांत घुसला, व तो आणि त्याच्या बरोबरचे शेंकडों वीर मारले गेले. मागून रोगराई आली, अन्न तुटलें. माघार घेतांना राजास अतिसारानें इतकें जर्जर केलें होतें कीं, घोड्यावर बसवत नव्हतें. तरीही आपल्या माणसांस सोडून नावेनें पुढें जाण्याचें त्यानें नाकारिलें. एप्रिल महिन्यांत तो सैन्यासह कैद झाला.

इकडे दमिएटा शहरीं मार्गरेट राणीचे दिवस भरले होते. पति कैद झाल्याची वार्ता आली, आणि तीन दिवसांनीं ती प्रसूत झाली. शहरांत जे इटालियन व्यापारी व खलाशी होते, ते अन्नाच्या टंचाईस भिऊन पळून जाण्याच्या बेतांत होते. तसें झालें असतें तर राजाच्या सुटकेच्या बदल्यांत देण्यास कांहींच उरलें नसतें. बाळंतिणीच्या खाटेवरूनच राणीनें त्यांच्या पुढाऱ्यांस बोलावून आणिलें, शहरांतील सर्व धान्य स्वतःच्या खर्चानें विकत घेण्याचें कबूल केलें, आणि त्यांस थांबविलें. दुःखाच्या दिवशीं जन्मला म्हणून त्या मुलाचें नांव जाँ त्रिस्ताँ असें पडलें. वाचकांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें.

सुलतानानें राजाच्या सैन्याच्या सुटकेसाठीं पांच लक्ष लिव्र मागितले. राजानें घासाघीस न करितां तें मान्य केलें. मात्र राजाचें शरीर पैशानें विकत घ्यावयाची वस्तु नव्हे, सबब स्वतःबद्दल दमिएटा शहर व आपल्या माणसांबद्दल पैसा, असा करार त्यानें घातला. या उमदेपणानें प्रसन्न होऊन सुलतानानें एक लक्ष सोडून दिले. यानंतरची एक गोष्ट राजाचा सोबती जॉइनव्हिल यानें लिहून ठेविली आहे. निम्मी रक्कम वजनानें मोजून देतांना राजाच्या एका सरदारानें हातचलाखी केली, व शत्रूस दहा हजार लिव्र कमी दिले. ही बढाई राजाच्या कानीं पडतांच तो संतापला, व ती रक्कम पोंचती केल्याशिवाय त्यानें पुढें पाऊल टाकिलें नाहीं. शत्रु, तोही परधर्मी, आणि त्यानें आपणांस कैदेंत ठेविलेलें. तरीसुद्धां दिलेला शब्द तो शब्द. परीक्षेंत शेजाऱ्याच्या वहींत डोकावणाऱ्यानें या राजाकडे एकदां पाहावें.

सुटल्यावर तो लगेच स्वदेशीं परतला नाहीं. अद्यापि कैदेंत असलेल्या आपल्या माणसांची सुटका व्हावी म्हणून तो चार वर्षें पॅलेस्टाइनमध्यें राहिला, आणि एकर, सीझरिया, याफा, सिदोन या नगरांचे कोट त्यानें दुरुस्त केले. सिदोन येथें कत्तल झालेल्या ख्रिस्ती लोकांचीं प्रेतें कुजत पडलीं होतीं. तीं उचलण्यास कोणी धजेना, तेव्हां राजानें स्वतः हातांनीं तीं उचलून मूठमाती दिली. आई वारल्याची बातमी त्यास तेथेंच समजली. १२५४ सालीं तो फ्रान्सला परतला.

जो राजा गेला होता तो परत आला नाहीं, असेंच म्हटलें पाहिजे. भारी वस्त्रें गेलीं, पंक्तीचा थाट गेला. पराभव आपल्या पापांमुळें झाला अशी त्याची खात्री होती. आणि त्या पापाचें प्रायश्चित्त राज्यकारभार निर्मळ केल्यानेंच होईल, असें त्यानें ठरविलें. १२५४ च्या डिसेंबरांत त्यानें एक मोठा हुकूमनामा काढिला. कामदारांनीं लांच घेऊं नये, भेटी स्वीकारूं नयेत, आपल्या अंमलाखालील प्रांतांत जमीन विकत घेऊं नये, जुगार खेळूं नये; आणि मुदत संपल्यावर कांहीं दिवस त्याच प्रांतांत राहून लोकांच्या तक्रारींस उत्तर द्यावें, अशीं कलमें त्यांत होतीं. पॅरिसच्या मुख्य अंमलदाराचें पद पूर्वीं पैसे मोजणाऱ्यास मिळे, व तो दिलेले पैसे दामदुपटीनें लोकांकडून वसूल करी. लुईनें ही पद्धति मोडून एतियेन ब्वालो या करड्या पण सचोटीच्या गृहस्थास पगारावर नेमिलें. शहरांतील सुमारें शंभर धंद्यांचे नियम याच ब्वालोनें एका ग्रंथांत एकत्र करविले.

उन्हाळ्यांत प्रातःकाळची उपासना आटोपल्यावर राजा पुष्कळदां व्हँसेनच्या रानांत जाई, आणि एका ओक वृक्षाला टेकून जमिनीवर बसे. चोपदार नाहीं, हुजऱ्या नाहीं. ज्यास गाऱ्हाणें सांगावयाचें असेल त्यानें सरळ पुढें यावें. वादी-प्रतिवादींनीं परस्परांशीं झुंजून जो जिंकेल तो खरा, अशी जी जुनी न्यायपद्धति होती, ती त्यानें सुमारें १२६० सालीं आपल्या खास मुलुखांत बंद केली, व साक्षीपुराव्यानें निवाडा करण्याची रीत घातली. त्याआधीं बळी तो कान पिळी हाच कायदा होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१२५९ सालीं या न्यायाची खरी कसोटी लागली. एंगराँ द कूसी हा फ्रान्समधील अतिबलाढ्य सरदार. फ्रेंच भाषा शिकण्यासाठीं एका मठांत राहिलेले फ्लँडर्स देशचे तीन कुलीन तरुण विद्यार्थी ससे मारण्याच्या नादांत त्याच्या रानांत शिरले. एंगराँच्या माणसांनीं त्यांस पकडिलें, आणि एंगराँनें चौकशी न करितां तिघांसही फांशीं दिलें. ही गोष्ट राजाच्या कानीं येतांच त्यानें त्या सरदारास पकडून लूव्हरच्या किल्ल्यांत कोंडिलें. सर्व सरदारवर्ग खवळला. राजाचे आप्तदेखील एंगराँच्या बाजूनें उभे राहिले. राजाच्या मनांत त्यास देहान्त शिक्षाच द्यावयाची होती. शेवटीं सर्वांच्या विनवणीवरून त्याचा प्राण वांचला. पण त्याजवर जबर दंड बसला, त्या रानांतील न्यायाधिकार काढून घेण्यांत आला, व मृतांच्या स्मरणार्थ प्रार्थनामंदिरें बांधून देणें त्यास भाग पडलें. तीन परक्या मुलांसाठीं राजा आपल्या सरदारांच्या विरुद्ध उभा राहिला, हें त्या काळीं कोणी ऐकिलें नव्हतें.

त्याच वर्षीं इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याच्याशीं पॅरिसचा तह पक्का झाला. हेन्रीनें नॉर्मंडी, आंजू आदि गमावलेल्या प्रांतांवरील हक्क सोडिला. उलट लुईनें आपल्या ताब्यांतील लिमोज, काओर व पेरिग्यू या बाजूचा मुलूख त्यास दिला. हा मुलूख देण्याची गरज नव्हती, असें लुईच्या मंत्र्यांचें मत होतें. लुईचें म्हणणें असें कीं, दोघे राजे साडू. दोघांचीं मुलें मावसभावंडें. त्यांच्यांत पुढें प्रेम राहावें म्हणून आपण देतों. पदरचें देऊन भांडण मिटविणारा जेता पाहून शेजारचे राजेही आपले तंटे त्याजकडे आणूं लागले.

दीनदुबळ्यांविषयीं तर त्याच्या कळवळ्यास सीमा नव्हती. रोज गरिबांस तो जेवूं घाली, स्वतः वाढी, त्यांचे पाय धूई. आंधळ्यांसाठीं त्यानें पॅरिस येथें तीनशें जणांचें आश्रयस्थान काढिलें. त्याचें फ्रेंच नांव पंधरा-विसा या अर्थाचें आहे. आपल्याकडील जुनीं माणसें विसाविसांनीं मोजीत, तशीच त्या देशींही रीत होती. तीच संस्था आज नेत्ररोगांचें रुग्णालय म्हणून पॅरिसमध्यें चालू आहे. गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं रोबेर द सोर्बों या धर्मगुरूनें जें विद्यालय काढिलें, त्यासही १२५७ सालीं राजाश्रय मिळाला. पुढें जगप्रसिद्ध झालेलें सोर्बोन तें हेंच.

येथेंच लेखणी थांबविली असती तर लेख गोड झाला असता. परंतु मागील बांकावरील मुलाचा प्रश्न अजून उभाच आहे, आणि त्याला टाळून जाणें हें संत लुईच्या चरित्रास साजेल असें नाहीं.

१२४० सालीं पॅरिस येथें यहुदी लोकांच्या तालमूद या ग्रंथावर जणूं खटलाच भरविण्यांत आला. यहुदी गुरूंनीं आपल्या ग्रंथाची बाजू मांडिली. पण निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. नंतर सुमारें १२४२ सालीं त्या ग्रंथांच्या चोवीस गाड्या भरून भर पॅरिसमध्यें जाळण्यांत आल्या. छापण्याची कला युरोपांत येण्यास अद्यापि दोनशें वर्षें अवकाश होता. एकेक प्रत म्हणजे कोणा विद्वानाच्या कित्येक महिन्यांची, कदाचित् वर्षांची मेहनत. आम्ही जन्मभर मुलांच्या हातीं पुस्तकें देण्याचें काम करीत आलों. त्या आगीचें वर्णन वाचितांना आमचें मन आजही विषण्ण होतें. पुढें १२६९ सालीं त्याच राजानें यहुद्यांनीं वस्त्रावर पुढें व मागें एक चक्राकार खूण लावून हिंडावें, असा हुकूम काढिला. ईश्वरनिंदा करणाऱ्यांचे ओंठ तापलेल्या लोखंडानें डागण्यापर्यंत त्याची मजल गेली होती, आणि शिक्षेंत अंगच्छेद नसावा अशी सूचना खुद्द पोप चौथा क्लेमेंट यास करावी लागली. २०२० सालीं त्या पुतळ्याविरुद्ध अर्ज झाला, तो यहुदी व मुसलमान लोकांविषयींच्या त्याच्या या वर्तनामुळें. त्याच वेळीं दुसरे लोक पुतळ्याभोंवतीं जमून प्रार्थना करीत होते. पुतळा जागेवर राहिला, वादही राहिला.

येथें एक विचार मनांत येतो. आपल्या कामदारांचे अन्याय शोधण्यास ज्यानें माणसें धाडिलीं, शत्रूचे दहा हजार ज्यानें परत केले, तीन परक्या मुलांसाठीं ज्यानें सरदारांचा रोष पत्करिला, त्यास आपल्याच नगरांत राहणाऱ्या यहुदी प्रजेवरील अन्याय दिसला नाहीं. तो त्यानें स्वतःच केला. कां? तो दुष्ट होता म्हणून नव्हे. त्याच्या भोंवतालचे बहुतेक लोक त्या कृत्यास पुण्य मानीत होते, आणि ज्यास सर्व जण पुण्य म्हणतात त्याची चौकशी करण्यास मनुष्य सहसा पंच नेमीत नाहीं. ज्या प्रभूच्या कांट्यांच्या मुकुटासाठीं तो अनवाणी चालला, तो प्रभु देहानें यहुदीच होता, ही साधी गोष्ट त्या धर्मनिष्ठ राजाच्या विचारांत आली नाहीं. काळाचा दोष म्हणून हें सोडून देतां येत नाहीं. कारण ज्यांचे ग्रंथ जळले त्यांच्या डोळ्यांस तें त्या काळींही दिसत होतें.

शेवट सांगून हें चरित्र आटोपतों. १२६७ सालीं लुईनें दुसऱ्यांदा धर्मयुद्धाचें व्रत घेतलें. त्याचें शरीर इतकें खंगलें होतें कीं, धड घोड्यावर बसतां येत नसे. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या जॉइनव्हिलनें बरोबर जाण्याचें नाकारिलें. राजास हा सल्ला देणाऱ्यांनीं पाप केलें, असें त्याचें मत होतें. १२७० च्या जुलै महिन्यांत सैन्य ट्यूनिसजवळ उतरलें. कडक ऊन, दूषित पाणी, आणि छावणींत अतिसाराची सांथ. ईजिप्तमध्यें दुःखाच्या दिवशीं जन्मलेला जाँ त्रिस्ताँ, आतां वीस वर्षांचा, तेथें आधीं मरण पावला. मागोमाग २५ ऑगस्ट रोजीं राजानेंही देह ठेविला. बावीस वर्षांपूर्वीं याच तारखेस तो पहिल्या स्वारीस निघाला होता. थोरला मुलगा फिलिप यास त्यानें जो उपदेश मागें ठेविला, त्यांत एक सूचना अशी आहे कीं, गरीब आणि श्रीमंत यांचा तंटा समोर आला तर सत्य उघड होईपर्यंत गरिबाची बाजू उचलून धरावी. १२९७ सालीं पोप आठवा बोनिफेस यानें त्यास संत म्हणून जाहीर केलें. पुढें १३०९ सालीं वृद्ध जॉइनव्हिलनें त्याचें चरित्र लिहून पुरें केलें. राजाचे दोष दिसले तेथें ते लिहिण्यास त्यानें मागेंपुढें पाहिलें नाहीं, म्हणूनच त्याच्या स्तुतीवर आपला विश्वास बसतो.

शिल्पकारानें राजाच्या हातांतील तलवारीचा क्रूस करून दाखविला, तें धातूंत साधलें. जिवंत माणसास तें जन्मभर साधावें लागतें, आणि लुई राजास तें सर्वदा साधलें नाहीं. ओक वृक्षाखालीं त्याची तलवार क्रूस झाली. ग्रंथांच्या होळीपाशीं क्रूसाचीच तलवार झाली. पुतळा ठेवावा कीं काढावा, हें त्या शहरच्या लोकांनीं ठरवावें. आपण मात्र दोन्ही गोष्टी वाचाव्या. पालकांस आमची विनंती आहे कीं, थोरांचीं चरित्रें मुलांस सांगतांना दोष गाळूं नयेत. दोष कळल्यानें आदर नाहींसा होत नाहीं, तो डोळस होतो. आणि विद्यार्थ्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, लुई राजानें आपल्या राज्यांत पाठविले तसे पंच प्रत्येकानें अधूनमधून आपल्या मनांत पाठवावे. ज्या कृत्याबद्दल वर्गांत, घरांत, गल्लींत सर्व जण आपली पाठ थोपटतात, त्याचीच चौकशी त्यांजकडून आधीं करवावी.

तें चित्र आम्हीं वर्गाच्या भिंतीवर लाविलें आहे. ज्यानें तलवारीबद्दल विचारिलें तो मुलगा या वर्षीं वरच्या इयत्तेंत गेला. पण नवीं मुलें येतात, चित्राकडे पाहतात, आणि तोच प्रश्न विचारितात. आतां आम्हीं घंटा होण्याच्या पुष्कळ आधीं उत्तरास आरंभ करितों.